रिकाम्या जागा भरा

१. अर्जदाराचे पूर्ण नाव

नाव होतं, चांगलं चार शब्दांचं होतं, पण ते कुणी हाक मारायला वापरल्याचं ऐकिवात नाही. बाजार त्यांना काटेवाले म्हणे, थोरली बहीण ‘अरे’ म्हणे, आणि दुकानाच्या पाटीवर नावाऐवजी नुसता एक तराजू काढलेला होता. रंगाऱ्याचा हात हलला असावा, कारण त्या तराजूचं डावं पारडं खाली गेलेलं होतं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या दारावर कललेला तराजू. गेली अठरा वर्षं रोज सकाळी कुलूप काढताना काटेवाल्यांचं लक्ष तिकडे जाई आणि दाताखाली खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा होई. पण पाटी बदलायची म्हणजे रंगाऱ्याला गाठा, त्याच्याशी बोला, आणि काटेवाल्यांचं मन त्या काळात पूर्णवेळ दुसरीकडे नोकरीला होतं.

२. व्यवसाय

वाणी, सोनार, औषधवाले, मासेवाल्या, सगळ्यांचे काटे बिघडले की काटेवाल्यांकडे येत. टेबलावर मखमलीचं अस्तर लावलेली लाकडी पेटी होती आणि तिच्यात पितळी वजनं उतरत्या क्रमाने, बापामागे पोरं उभी राहावीत तशी, बसवलेली होती. ती बोटाने उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची; बोटाच्या घामानेसुद्धा वजन बदलतं. वडिलांनी त्यांना धंद्याचा एकच मंत्र दिला होता: काट्यावर दिसेल ते बोलायचं, मनात असेल ते नाही. एकदा एका मासेवालीने, भाऊ, काटा जरासा माझ्या बाजूने ठेवा की, अशी गळ घातली, तेव्हा त्यांनी तिला तासभर समजावलं. तासाभरात टोपलीतले मासे मऊ पडले म्हणून शेवटी तिनेच त्यांना झापलं.

त्यांची खरी कला पासंगात होती. तराजूचं एक पारडं दुसऱ्यापेक्षा केसभर हलकं असतं. मग त्याच्या खाली पत्र्याचा, शिशाचा, वेळ पडली तर घडी घातलेल्या कागदाचा तुकडा लावून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. हा तुकडा म्हणजे पासंग. बाजारातले निम्मे तराजू काटेवाल्यांच्या कागदी घड्यांवर प्रामाणिक राहिले होते.

दिवसभर असं रतीगुंजेचं मोजमाप करणारा माणूस संध्याकाळी काय करेल? जे मोजता येत नाही त्याच्या मागे लागेल. काटेवाले लागले होते.

३. वैवाहिक स्थिती

अविवाहित. एकोणिसाव्या वर्षी, एका दुपारी, दुकानातल्या पोत्यांवर त्यांचा डोळा लागला आणि स्वप्नात नदीच्या काठावर एक मुलगी उभी दिसली. ती वळली, हसली, आणि तेवढ्यात सोनाराने येऊन काटा मागितला. बस्स. एवढ्या भांडवलावर कुणी साधी टपरीही टाकत नाही. काटेवाल्यांनी त्यावर तेवीस वर्षं काढली.

या तेवीस वर्षांत सात मुली सांगून आल्या. एकीचा आवाज जाड होता, एक भराभर जेवली, एक सगळ्या दृष्टीने ठीक होती आणि हीच तिची अडचण होती. प्रत्येक वेळी काटेवाले घरी येऊन तेच सांगत, की चांगली आहे, पण तिच्या पासंगालाही पुरायची नाही. ‘तिच्या’ म्हणजे कुणाच्या, हे आता घरात कुणी विचारत नसे. ताई, म्हणजे तीच थोरली बहीण, जी दुकानाच्या वरच्या खोल्यांत त्यांचं घर चालवी, तिने सातव्या वेळी मात्र विचारलं होतं.

“तुझ्या त्या बाईला पाय तरी आहेत का रे? नाही म्हणजे, दाराबाहेर तिच्या चपलांना जागा करू की नको?”

काटेवाले आठवू लागले. स्वप्नात पायांपर्यंत नजर गेलीच नव्हती.

४. अर्जाचा विषय

एक खंडकाव्य. नऊ सर्ग. नाव अजून ठरायचं होतं.

एका राजपुत्राला स्वप्नात एक युवती दिसते. तो राज्य सोडतो, घोड्यावर बसतो, वाळवंट, नदी, डोंगर असं सगळं ओलांडतो आणि नवव्या सर्गात, जिथे पृथ्वी संपते तिथे, ती त्याला भेटते. राजपुत्र कुठे काय ओलांडतो ते बारीकसारीक लिहिलेलं होतं. डोंगराची उंची काटेवाल्यांनी भूगोलाच्या पुस्तकातून ताडून घेतली होती. अडचण फक्त तिची होती. तिचं वर्णन आलं की लेखणी थबके. कुठलाही शब्द ठेवून पाहावा तर हलका भरे. मग त्यांनी एक युक्ती काढली, आणि युक्तीलाच पुढे तत्त्व म्हणू लागले: तिथे शब्दच ठेवायचा नाही, टिंबं ठेवायची.

नाव तियेचे ............, गाव तियेचे ............,
हसली तेव्हा ............, आणिक मी न उरे.

अख्ख्या काव्यात अशा एकेचाळीस जागा होत्या. वाचताना तिथे आल्यावर चार सेकंद थांबायचं आणि छताकडे पाहायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ताईसमोर एकदा करून दाखवलं, तेव्हा ताईनेही वर पाहिलं आणि जळमटं काढायला झाली आहेत असं म्हणाली.

यंदा, नऊ वर्षं मागे लागल्यावर, वाचनालयाच्या ग्रंथपालांनी त्यांना शनिवारी दुपारी चार वाजताची वेळ दिली. निवडक भागांचं जाहीर वाचन. आणि पसंत पडलं तर वाचनालयच ते छापेल. मात्र एक अट होती: टाइप केलेली प्रत हवी. काटेवाल्यांचं अक्षर ग्रंथपालांनी एकदा पाहिलं होतं.

५. टंकलेखकाचा तपशील

नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात, खांबाला लागून, टायपिस्टबाईंचं टेबल होतं. पूर्वी तिथे तीन टेबलं होती. दोघांनी गाशा गुंडाळला, या उरल्या. सतरा वर्षं त्या लोकांचे जन्म, मृत्यू, लग्नं आणि बदललेले पत्ते टाइप करत होत्या, आणि त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आलेला नव्हता. याचा त्यांना जो अभिमान होता तो एखाद्याला मुलाच्या पदवीचा असतो. लोक अर्धवट भरलेले कागद घेऊन येत. कुणाला आईचं जन्मसाल माहीत नसे, कुणाला स्वतःच्या घराचा नंबर. बाई दोन प्रश्न विचारून माहिती काढून घेत. आधी सगळा मजकूर टाइप करायचा आणि रिकाम्या जागा शेवटी, एकदम, शांतपणे भरायच्या, ही त्यांची पद्धत. लोकांना कळावं म्हणून खांबावर त्यांनी एक नमुना अर्ज चिकटवला होता. तो त्यांनी स्वतःच्याच माहितीने भरला होता, नाव तेवढं सोडून. दुसऱ्या कुणाची माहिती आपल्याला इतकी पाठ नसते, असं त्या म्हणत.

अकरा आठवडे, रविवार सोडून रोज, पाच वाजता काटेवाले वह्या घेऊन तिथे जात आणि बाईंच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसत. अक्षर लागलं नाही की बाई शब्दावर बोट ठेवत, ते सांगत. ओळ संपली की यंत्राची घंटी वाजे, बाई डाव्या हाताने दांडी ढकलून गाडी मागे नेत, आणि त्यांचं कोपर काटेवाल्यांच्या नाकापुढून जाई. काटेवाले तेव्हा समोरच्या भिंतीपलीकडे, नदीकाठी असत.

पहिल्याच दिवशी बाईंनी टिंबांवर बोट ठेवलं होतं.

“या रिकाम्या जागांचं काय करायचं?”

काटेवाल्यांनी अंगात आल्यासारखं छताकडे पाहिलं. “तिथे शब्द पोचत नाहीत, बाई. त्या जागा ज्याने-त्याने आपल्या मनाने भरायच्या.”

“बरं,” बाई म्हणाल्या. हे कचेरीतलं ‘बरं’ होतं. त्यात ऐकलं, समजलं आणि नोंद केली, अशा तिन्ही गोष्टी असतात. काटेवाल्यांना पहिलीच ऐकू आली.

६. पूर्वी कुणाशी संबंध आला असल्यास

बाई टाइप करता करता प्रश्न विचारत, आणि ते प्रश्न काव्यात न बसणारे असत. चौथ्या सर्गात राजपुत्र तेरा दिवस वाळवंटातून चालतो, तर पाण्याचं काय? काटेवाल्यांनी सांगितलं की त्याला प्रेमाची तहान होती. ती वेगळी, बाई म्हणाल्या, मी पाण्याचं विचारते. दुसऱ्या दिवशी काटेवाले एक कातडी पखाल घेऊन आले, म्हणजे दोन ओळींत. मग बाईंनी विचारलं की दुसऱ्या सर्गात निघताना याच्याकडे घोडा होता, तो तिसऱ्यात दिसत नाही. काटेवाले सोळा वर्षांपूर्वी तो घोडा विसरले होते. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे वहीच्या कडेला चार ओळी लिहिल्या आणि घोडा सुखरूप तबेल्यात परत पाठवला.

पाचव्या सर्गात नावाडीण होती. ती राजपुत्राला नदीपार नेते, त्याचे ओले कपडे वाळत घालते, आपल्या वाटणीचं जेवण त्याला देते. आणि तो तिला दिवसभर स्वप्नातल्या युवतीबद्दल सांगतो. मग तो पुढे जातो. नावाडिणीला सगळ्या मिळून चार ओळी होत्या.

बाईंनी त्या टाइप केल्या आणि हात थांबवले.

“हिचं पुढे काय झालं?”

“कुणाचं?”

“नावाडिणीचं.”

काटेवाले गोंधळले. “ती... नाव चालवत असेल की.”

“घोडा घरी पोचवलात,” बाई म्हणाल्या. “हिला मात्र नदीवर तसंच ठेवलंत.”

काटेवाल्यांनी समजावून सांगितलं, की नावाडीण ही तशी व्यक्ती नव्हे. ती म्हणजे वाटेतलं ऐहिक जग, आणि नायकाने नदी ओलांडावी तसं तिलाही ओलांडायचं असतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि दांडी ढकलली. जरा जोरातच ढकलली असावी, कारण कोपर काटेवाल्यांच्या नाकाला लागलं. चुकून लागलं, असं ते घरी ताईला सांगत होते.

७. मुदत

वाचनाच्या आधीच्या मंगळवारी बाईंनी सांगितलं की पहिल्या तारखेपासून सगळे अर्ज कचेरीतच संगणकाच्या पडद्यावर भरले जाणार आहेत. शनिवार हा टेबलाचा शेवटचा दिवस. सोमवारी त्या भावाच्या गावी जाणार, कायमच्या. भावाचं वह्यापेन्सिलींचं दुकान आहे, तिथे बसायला माणूस हवंय.

“आणि नववा सर्ग?” काटेवाल्यांनी विचारलं.

“तो शनिवारी दुपारी मिळेल. सगळी प्रत एकदमच देते.”

“मग ठीक आहे.”

हे त्यांनी जेवताना ताईला सांगितलं. ताईने हातातला डाव पातेल्यात ठेवला.

“ठीक आहे म्हणालास?”

“हो. का?”

“काही नाही. वाढू का अजून?”

थोडक्यात, त्या आठवड्यात काटेवाले दोन गोष्टी गमावण्याच्या बेतात होते आणि त्यांना एकीचीच धास्ती होती. काव्य वाचनालयाला पसंत पडेल की नाही, या काळजीने त्यांना घास गिळवत नव्हता. दुसरी गोष्ट रोज पाच वाजता त्यांच्या नाकापुढून जात होती.

८. तोंडी तपासणी

शनिवारी पावणेचारला त्यांनी प्रत घेतली, छातीशी धरली आणि वाचनालय गाठलं. उघडून पाहिली नाही. बाईंनी टाइप केलेलं पुन्हा तपासणं म्हणजे आपण दुरुस्त केलेला काटा गिऱ्हाइकाने दुसरीकडे नेऊन बघण्यासारखं. तो अपमान त्यांनी कुणाचा केला नसता.

बावीस माणसं होती. पुढच्या रांगेत ताई. मागे एक निवृत्त पोस्टमन, जे पंखा चांगला आहे म्हणून रोजच येत. ग्रंथपालांनी दोन शब्द सांगतो म्हणून दोनशे सांगितले. मग काटेवाले उभे राहिले, नवा चष्मा लावला आणि निवडलेले भाग काढले. निवडलेले भाग म्हणजे अर्थातच जिथे जिथे ती येते ते.

पहिली ओळ त्यांनी खर्जात सुरू केली. “नाव तियेचे...” आणि छताकडे पाहण्यासाठी मान उचलणार, तोवर डोळ्यांनी पुढचं वाचलंही होतं आणि तोंडाने बोलूनही टाकलं होतं.

“नाव तियेचे लागू नाही.”

कुणीतरी खोकलं. काटेवाल्यांनी कागदाकडे पाहिलं. टिंबं नव्हती. जिथे टिंबं होती तिथे, नीटनेटक्या अक्षरात, मजकूर होता. पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावरही. जिकडे पाहावं तिकडे जागा भरलेल्या.

सोडून देता आलं असतं. काव्य तोंडपाठ होतं; टिंबांपाशी थांबून, वर बघून, चार सेकंद मोजून पुढे जाता आलं असतं. पण त्यांच्या आत वडील बसले होते, हातात चिमटा घेऊन. काट्यावर दिसेल ते बोलायचं. त्यांनी दिसलं ते वाचलं.

“गाव तियेचे हेच, सतरा वर्षांपासून. हसली तेव्हा वरचा एक दात किंचित पुढे दिसे, आणिक मी न उरे.”

हशा झाला. काटेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोलीभर माणसं हसवली होती आणि त्यांना पृथ्वीने पोटात घेतलं तर बरं असं वाटत होतं. पण हसून झाल्यावर माणसं पुढे सरकून बसली. मागून आवाज आला, “पुढे?”

“उंच किती ती? पाच फूट एक इंच, चप्पल वगळून.”

ताई ताठ बसली. चपलेचा उल्लेख तिला समाधान देऊन गेला असावा.

“नेत्र तियेचे तपकिरी, चष्मा फक्त वाचताना. काय तिला प्रिय? भाजलेले शेंगदाणे, दूध चालत नाही. कोण तियेचे सखे-सोयरे? एक भाऊ, परगावी. खूण तियेची डाव्या...”

इथे ते थांबले. ठरल्याप्रमाणे चार सेकंद नव्हे, जास्त. कारण पुढचा शब्द वाचायच्या आधीच त्यांना तो माहीत होता. डाव्या कोपरावर तीळ. मुगाच्या दाण्याएवढा, जरा लांबट. दोनशे बारा पानं, पानाला अठ्ठावीस ओळी. धंद्याच्या सवयीने त्यांनी मनात गुणाकार केला. जवळपास सहा हजार वेळा तो तीळ त्यांच्या डोळ्यांपुढून डावीकडून उजवीकडे गेला होता. आणि स्वप्नातल्या मुलीचा चेहरा आठवू पाहावा, तर तिथे कोपरच येत होतं. ते घाईघाईने आणखी मागे गेले, एकोणिसाव्या वर्षापर्यंत, पोत्यांपर्यंत. नदी होती, काठ होता, सोनार होता. चेहऱ्याच्या जागी टिंबं होती. पहिल्यापासूनच होती.

“डाव्या कोपरावर तीळ,” त्यांनी वाचलं, आणि आवाज असा निघाला की या वेळी कुणी हसलं नाही.

“राहे कोठे? दुसरा मजला, जिना अंधारा, दिवा बंद असतो, टॉर्च आणावा.”

“अहो, हा पत्ता मला माहीत आहे,” मागून पोस्टमन म्हणाले. “बारा वर्षं पत्रं टाकली मी तिथे. दोनदा पडलो.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, मग पुढे. ताईने पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. ग्रंथपालांनी हळूच विचारलं की हे काल्पनिक आहे ना. काटेवाल्यांनी पान उलटलं. ते नवव्या सर्गाच्या शेवटच्या पानावर पोचले होते. पृथ्वी संपली होती. समोर ती उभी होती, पाच फूट एक इंच. आणि राजपुत्राने आता बोलायचं होतं.

“पाहुनि तीला नायक वदला...”

इथली जागा रिकामी होती. सगळ्या काव्यातली ही एकच जागा बाईंनी भरली नव्हती. टिंबांच्या सुरुवातीला पेन्सिलीने एक लहानशी फुली मारलेली होती. नोंदणी कचेरीत पाय ठेवलेल्या कुणालाही ती फुली कळते. बाई ती एकाच कामासाठी मारत.

“काय वदला?” पोस्टमननी विचारलं.

काटेवाल्यांनी चष्मा काढला. “इथे अर्जदाराची सही बाकी आहे,” ते म्हणाले, आणि कागद गोळा करून चालू लागले.

ग्रंथपाल म्हणाले, अहो, आभारप्रदर्शन व्हायचंय. ताई उठून उभी राहिली आणि म्हणाली की ते मी करते, त्याला जाऊ द्या, कचेरी सहाला बंद होते.

९. अर्जदाराची सही ×

बाई यंत्र चादरीत बांधत होत्या. खांबावरचा नमुना अर्ज काढून झाला होता. त्या जागी चौकोनी पांढरा डाग उरला होता.

वाटेत काटेवाल्यांनी बरंच काही जुळवलं होतं, पण धाप लागली होती आणि बाहेर आली ती तक्रार.

“तुम्ही माझ्या जागा भरल्यात.”

“ज्याने-त्याने आपल्या मनाने भरायच्या, असं तुम्हीच म्हणालात. टाइप मी करत होते.”

“दूध खरंच चालत नाही?”

“अर्जात खोटं लिहिलं तर अर्ज बाद होतो.” बाईंनी गाठ मारली, पण ती नीट बसली नाही, पुन्हा सोडली. “हसले का लोक?”

“हसले. मग हसायचे थांबले.” त्यांनी शेवटचं पान टेबलावर ठेवलं. “ही एक का सोडली?”

“सहीची जागा आहे ती. तिथे दुसऱ्याने लिहिलं तर गुन्हा होतो. आम्ही नुसती फुली मारून देतो.”

आता बोलायला हवं होतं. तेवीस वर्षांचा साठा होता. चंद्र होता, चकोर होता, सागराच्या लाटा होत्या, सगळे घशापाशी येऊन रांगेत उभे राहिले. काटेवाल्यांनी एकेकाला चिमट्याने उचललं, पारड्यात ठेवलं, परत पेटीत ठेवलं. एकही भरेना. व्हरांड्यात झाडूवाली आली आणि तिने दोघांना पाय वर घ्यायला लावले. पाय वर घेऊन, स्टुलावर, काटेवाले म्हणाले:

“जिन्यातला दिवा कधीपासून बंद आहे?”

बाईंचे हात गाठीवर थांबले. “दोन वर्षं होतील.”

“शिडी आहे?”

“स्टूल आहे. पण त्याचा एक पाय आखूड आहे.”

“उद्या येऊ का?”

“उद्या रविवार.”

“हो. रविवार बंद, असं वाचलं मी सातव्या सर्गात.”

“ते टेबलाचं,” बाई म्हणाल्या. “घराचं नाही.”

१०. फक्त कार्यालयीन उपयोगासाठी (अर्जदाराने या जागेत काहीही लिहू नये)

रविवारी अकरा वाजता काटेवाले दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर स्टुलावर चढले. हातात बल्ब होता, खिशात दुसऱ्या जातीचा आणखी एक, कारण होल्डर कसला आहे ते कुणालाच आठवत नव्हतं. भरदिवसा तिथे विहिरीतल्यासारखा अंधार होता. बाईंनी एका हाताने टॉर्च धरला होता आणि दुसऱ्या हाताने स्टूल.

स्टूल डुगडुगलं. काटेवाल्यांना पडण्याची भीती नव्हती. पण कललेली वस्तू पायाखाली सहन होईना. ते उतरले, गुडघ्यावर बसले, आखूड पाय आणि फरशी यांच्यामध्ये नख घालून फट मोजली. मग खांद्यावरच्या पिशवीत हात घालून एक कागद काढला, त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि पायाखाली सरकवला. दाबून पाहिलं. हललं नाही.

बाईंनी टॉर्च खाली धरला. “ते पहिलं पान आहे. स्वप्नाचं.”

“बरोबर तेवढीच जाडी लागत होती.”

ते पुन्हा चढले. पहिला बल्ब बसला नाही, दुसरा बसला. तो फिरवता फिरवता, वर तोंड करून, ते म्हणाले की आज सकाळी पाचव्या सर्गात थोडी भर घातली आहे.

“काय?”

“राजपुत्र डोंगराच्या पायथ्यावरून परत फिरतो. नदीवर येतो.”

“का?”

“घोडा नाही ना. किती चालणार?”

बाईंचा टॉर्च हलला. मग उजेड पडला आणि दिसलं की जिन्याच्या भिंती हिरव्या आहेत, कठडा एका जागी तुटका आहे, आणि हसताना वरचा एक दात किंचित पुढे दिसतो.

“उतरा आता,” बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल अजून धरून ठेवलं होतं. “भावाला कळवावं लागेल, उद्या येत नाही म्हणून. त्याला कारण लागतं. काय लिहू?”

काटेवाल्यांनी तुटक्या कठड्याला हात लावून पाहिला. तो हातात आला.

“लिहा,” ते म्हणाले, “जिन्याचं काम निघालंय.”